पेंटबॉलची पहिली खरेदी: आधी मास्क की आधी मार्कर?

ओहायोकर
गेल्या शनिवारी मैदानाच्या पार्किंगमध्ये मंडळातल्या एका मित्राशी जुंपली. ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

त्याने पंधरा वर्षांच्या लेकाला वाढदिवसाला नवाकोरा मार्कर घेऊन दिला. प्लॅनेट एक्लिप्सचा एमेक, सोबत हॉपर (गोळ्यांचा डबा), सोबत हवेची टाकी. (बंदूक म्हटलं की इथले जुने खेळाडू डोळे वटारतात, म्हणून मार्कर.) आणि मास्क? "तो काय, मैदानावर भाड्याने मिळतोच की."

माझं मत बरोब्बर उलटं आहे. पहिला पैसा मास्कमध्ये घालावा आणि मार्कर निदान सहा महिने भाड्याचा वापरावा.

पेंटबॉलची गोळी म्हणजे जिलेटिनच्या कवचात भरलेला रंग. जाडी ०.६८ इंच, वजन जेमतेम तीन ग्रॅम. ऐकायला किरकोळ. पण आमच्या मैदानावर वेगाची मर्यादा सेकंदाला २८० फूट आहे, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटर. मांडीवर बसली तर आठवडाभर जांभळा डाग मिरवायचा. डोळ्याबद्दल मी लिहीत नाही.

आता भाड्याचा मास्क. आमच्या मैदानावर त्याला एकेरी काच असते. ऑक्टोबरची सकाळ, बाहेर सात-आठ डिग्री, पोरगं पळून धापा टाकतंय. दहाव्या मिनिटाला काच वाफेने आतून दूध सांडल्यासारखी पांढरी. माझा मुलगा बंकरमागे बसला आणि मास्कच्या खालच्या कडेत अंगठा घालून तो वर उचलायला लागला. मी जाळीबाहेर उभा. पंचाने शिट्टी मारून अख्खा खेळ थांबवला म्हणून निभावलं. मैदानात मास्क काढायचा नाही हा नियम पोराला पाठ होता, पण दिसत नसेल तर हात आपोआप वर जातो. त्याच संध्याकाळी दुहेरी काचेचा, म्हणजे थर्मल लेन्सचा मास्क मागवला. ऐंशी डॉलर.

खडूसराव
भावना पोचल्या, हिशेब पोचला नाही. तुमच्याकडे भाडं किती आणि त्यात काय काय येतं?

ओहायोकर
तीस डॉलर. मार्कर, हॉपर, मास्क आणि दिवसभराची हवा. प्रवेश आणि गोळ्या वेगळ्या.

खडूसराव
आणि स्वतःचा मास्क नेला तर भाडं कमी होतं?

ओहायोकर
नाही होत.

खडूसराव
बघा! म्हणजे ऐंशी घालूनही दर वेळी पूर्ण तीस मोजायचे. आता तुमच्या मित्राचं बघू. एमेक साधारण २७०, साधा हॉपर ४०, ॲल्युमिनियमची टाकी ६०. झाले ३७०. आमच्याकडे नुसत्या हवेचे आठ घेतात, म्हणजे दर फेरीला बावीस वाचले. सतराव्या फेरीला पैसे वसूल. शिवाय एमेकला जुन्या बाजारात गिऱ्हाईक मिळतं, तुमच्या घामट मास्कला कोण विचारणार? व्यवहार मित्राचाच बरोबर.

ओहायोकर
सतरा फेऱ्या म्हणजे महिन्याला एक धरली तरी दीड वर्ष. आमच्या घरात गिटार आहे, तबला आहे, तलवारबाजीचा पांढरा कोट आहे. सगळे चार महिन्यांचे पाहुणे.

सोलापुरी_चटणी
ओहायोकर, थर्मल लेन्सवाल्यांसाठी एक भर, कारण मी हे करून बसलेय. पहिल्याच दिवशी मास्क रंगाने बरबटला, मी घरी येऊन तो सरळ नळाखाली धरला आणि भांड्यासारखा खसखसून धुतला. दोन काचांच्या मध्ये कडेने फोमची पट्टी असते, तिथून पाणी आत शिरलं. दुसऱ्या दिवशी डोळ्यासमोर एक थेंब इकडून तिकडे फिरतोय, फिशटँकमध्ये डोकं घातल्यासारखं. लेन्स गेली. नवीन लेन्सचे पस्तीस डॉलर. ओल्या मऊ फडक्याने पुसायची, बुडवायची नाही, आणि किचन टॉवेल तर लांबच ठेवायचा, चरे पडतात.

पंपवाला
डॅलसहून. पंचवीस वर्षं खेळतोय. तुम्ही दोघंही चुकीच्या आकड्याला धरून बसलाय. मार्कर एकदाच घ्यायचा असतो, गोळ्या दर वेळी. दोन हजारांची पेटी आमच्या मैदानावर साठला मिळते आणि बाहेरच्या गोळ्या आत नेऊ देत नाहीत. नव्या पोराच्या हातात इलेक्ट्रॉनिक मार्कर दिलात तर सेकंदाला दहा गोळ्या सहज सुटतात. दोनशेचा हॉपर वीस सेकंदांत रिकामा, आणि समोरचा गडी जिथे होता तिथेच.

माझा सल्ला: पंप मार्कर. एक ओढ, एक गोळी. पाचशे गोळ्यांत दिवस निघतो आणि नेम, आडोसा, पळणं सगळं आपसूक शिकता येतं.

खडूसराव
पंपवाले साहेब, एमेक इलेक्ट्रॉनिक नाही, यांत्रिक आहे. त्यात बॅटरीच नसते.

पंपवाला
ठाऊक आहे. बोटं तरी शिवशिवतातच.

इतिहासाचा_किडा
पंपवाल्यांना दुजोरा. या खेळाचा पहिला डाव २७ जून १९८१ ला न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात झाला. बारा खेळाडू. हातात नेल्सन कंपनीची पिस्तुलं, जी झाडांवर आणि गुरांवर खुणा करायला वापरत. जिंकला रिची व्हाइट, जंगलात काम करणारा माणूस. जिंकायला लागणारे सगळे झेंडे त्याने गोळा केले आणि एकही गोळी झाडली नाही म्हणतात. आता सांगा, कुठला मार्कर घ्यायचा?

सोलापुरी_चटणी
पण डोळ्यांवर गॉगल त्या बारा जणांनीही लावले होते हो. ओहायोकरांचाच मुद्दा झाला की!

पुणेरी_पाहुणा
इथे पुण्यात हा प्रश्न पडतच नाही. कंपनीची सहल, लोणावळ्याच्या बाजूचं कुठलं तरी रिसॉर्ट, माणशी मोजून चाळीस गोळ्या आणि वरून जेवणाचं कूपन. मागच्या वर्षी मिळालेल्या मास्कचा फोम आधीच्या गड्याच्या घामाने ओला होता आणि काचेवर इतके चरे, की आमचे मॅनेजर समजून मी एका झाडाला चार गोळ्या घातल्या. मैदानावरच्या मास्कवर विसंबू नये, एवढं मात्र मी शपथेवर सांगेन.

पार्किंगवाला
नमस्कार मंडळी. पार्किंगमधला तो मित्र मीच. नाव घेतलं नाहीस, आभारी आहे.

आता माझी बाजू. लेक सहा वेळा भाड्याचा मार्कर घेऊन खेळला. टिपमन ९८, दणकट गोष्ट, पण त्याच्या वाट्याला आलेला मार्कर कुणी कधी उघडून साफ केला नसावा. दर दोन-तीन मिनिटांनी गोळी आतच फुटायची, मग बॅरलमध्ये रंग, मग पुढची गोळी सुटते ती थेट आंब्याच्या झाडावर गेल्यासारखी तिरकी. अर्धा डाव स्क्वीजी घालून नळी पुसण्यात जायचा. सहाव्या वेळी घरी येताना गाडीत म्हणाला, "बाबा, मला हे जमत नाही." त्याला जमत होतं रे, मार्कर साथ देत नव्हता. तू म्हणतोस सहा महिने भाड्याने खेळव. माझं पोर सहा महिन्यांत खेळच सोडून बसलं असतं.

शिवाय अर्धे पैसे त्याचे आहेत. उन्हाळाभर शेजाऱ्यांचं गवत कापलं त्याने. मी त्याला सांगणार, की या पैशांचा मास्क घे आणि तोच खटारा मार्कर पुन्हा भाड्याने वापर?

ओहायोकर
गवताचं तू बोलला नव्हतास. आणि गोळ्या फुटायच्या तर काउंटरवर जाऊन मार्कर बदलून मागायचा होता. आमच्या चिरंजीवांनी एकदा दोन बदलून घेतले, कोणी काही बोललं नाही.

पार्किंगवाला
सहाव्या वेळी तेही केलं. दुसरा पहिल्याचाच भाऊ निघाला.

पंपवाला
पार्किंगवाले, तुमचं पटतंय. खराब मार्करने पोरं खेळातून उठतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. मात्र निम्मा दोष गोळ्यांचा असू शकतो. दमट हवेत गोळी फुगते, एका जागी पडून राहिली तर चपटते. पिशवी उघडल्यावर पाच-सहा गोळ्या तळहातावर फिरवून बघत जा.

आणि आता पोरगं लांब बॅरल मागेल. देऊ नका. गोळी किती लांब जाणार हे वेग ठरवतो, नळीची लांबी नाही.

खडूसराव
मी मात्र माझ्या मतावर ठाम. पण नवा कशाला? जुना टिपमन ९८ शंभरच्या आत मिळतो. १९९८ पासून बाजारात आहे, सुटे भाग मिळतात, ॲलन कीचा एक संच असला की घरी उघडता येतो. शंभरात काम भागलं की मास्कलाही पैसे उरतात. मिटलं भांडण.

सोलापुरी_चटणी
जुनं घ्या, टाकी सोडून. आमच्या ह्यांनी गराज सेलमध्ये वीस डॉलरला कार्बन फायबरची टाकी आणली, केवढा आनंद! मैदानावरच्या पोराने ती उलटी करून तारीख वाचली आणि तशीच परत दिली. दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी लागते, आणि कार्बन फायबरची टाकी बनल्यापासून पंधरा वर्षांनी बादच होते. आमची सतरा वर्षांची होती. सध्या गराजच्या दाराला टेकण म्हणून उभी आहे.

इतिहासाचा_किडा
जुन्या सौद्यात बरेचदा कार्बन डायऑक्साइडची टाकी गळ्यात मारतात. टिपमनला ती चालते, एमेकला नाही, त्याला साधी दाबाची हवाच हवी. आणि ओहायोच्या थंडीत त्या वायूचा दाब असा पडतो की गोळी पायाशी येऊन पडेल.

पार्किंगवाला
बरं, मास्कचं बोलू. मी हट्टाने घेतला नाही असं नाही, लेकाला चष्मा आहे. दुकानात दोन घालून पाहिले, दोन्हीत चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतत होत्या. म्हणून म्हटलं, मैदानावरचे मोठे, ढगळ असतात, तेच बरे.

ओहायोकर
अरे मग हे पार्किंगमध्ये सांगायचं ना! ढगळ मास्क तर मुळीच नको. गालाजवळ फट राहते, आणि पळताना चेंगटासारखा मागे राहतो, डोकं पुढे.

चष्मा मावेल असे मास्क मिळतात. आमच्या थोरल्याला चष्मा आहे, त्याचा तसाच आहे. बघताना टोपी घालून बघू नका. फोम कपाळापासून गालापर्यंत सगळीकडे टेकला पाहिजे. पट्टा घट्ट करून त्याला खाली वाकायला सांग, मग जोरात मान हलवायला. चष्मा नाकावरून सरकला नाही आणि काड्यांपाशी फोम उचलला गेला नाही, तर तो मास्क घे. आणि खोक्यावर एएसटीएम एफ१७७६ (पेंटबॉलच्या मास्कचं सुरक्षा मानक) लिहिलंय का बघ, एअरसॉफ्टचा, म्हणजे प्लास्टिकच्या छऱ्यांच्या खेळाचा, गॉगल चालत नाही.

शनिवारी नऊला येतोस ना? थोरल्याचा मास्क गाडीत टाकून आणतो. तुझ्या लेकाला घालून बघू दे.

पार्किंगवाला
येतो. एमेक तुझ्या धाकट्याला एक डाव देतो. मग तुझ्या सहा महिन्यांचं काय होतं ते बघू.