ट्यूबा वाजवायला जड का जातो: वाद्याच्या घडणीमुळे की वाजवण्याच्या पद्धतीमुळे?

बँडशिक्षिका, इंदूर

नमस्कार. इंदूरच्या एका शाळेत मी ब्रास बँड शिकवते. आमच्याकडे बीफ्लॅटचा, तीन पिस्टनांचा (बोटांनी दाबायच्या व्हॉल्व्हचा) जुना ट्यूबा, म्हणजे बँडमधले सर्वांत खर्जाचे पितळी वाद्य, असून आठवीतली एक विद्यार्थिनी तो वाजवते. तिचा कान तयार आहे आणि मधले स्वर ती स्वच्छ काढते. मात्र खालचा सी आणि त्याखालचा बी आला की सूर चढतो, तो उतरवण्याच्या धडपडीत आवाज फाटतो आणि दोन मात्रांतच तिचा दमसास संपतो. हे वाद्य मुलींच्या आवाक्यातले नाही, असे काही जणांनी तिच्यासमोरच म्हटले आणि ते मला मुळीच मान्य नाही. दोष नेमका कशात शोधावा? शाळा नवे वाद्य घेणार आहे, तर ते कोणत्या आकाराचे घ्यावे?

खर्जप्रेमी, इंदूर

आपण नेमके तेच दोन स्वर सांगितलेत, जे तीन व्हॉल्व्हच्या ट्यूबावर कोणालाही छळतात, त्यामुळे मुलीला दोष देण्याआधी नळीचे गणित पाहावे. बीफ्लॅट ट्यूबाची मूळ नळी सुमारे 5.5 मीटर लांब असते. पहिला व्हॉल्व्ह दाबल्यावर सूर दोन अर्धस्वर उतरायचा तर तिच्यात साधारण 67 सेंटीमीटरची भर पडावी लागते आणि तिसऱ्याने तीन अर्धस्वर उतरायचे तर 1.04 मीटरची. खालच्या सीसाठी हे दोन्ही एकत्र दाबून आपण पाच अर्धस्वर खाली जातो, त्याला 1.84 मीटर लागतात, पण बेरीज 1.71 मीटरच होते. म्हणजे जवळजवळ 13 सेंटीमीटर नळी कमी पडते, म्हणून सूर चढतो, आणि बीसाठी तिन्ही व्हॉल्व्ह दाबले की ही तूट 24 सेंटीमीटरच्या घरात जाते. कारखान्यात तिसऱ्या व्हॉल्व्हची नळी थोडी लांब ठेवून ही तूट काही अंशी भरून काढतात, पूर्णपणे नाही.

आता ही उरलेली तूट ती मुलगी ओठांनी भरते आहे. ओठ सैल सोडून सूर खाली ओढला की स्वराचा गाभा जातो, हवा वाया जाते आणि दम तुटतो; आपण ज्याला पद्धतीचा दोष समजतो, तो पुष्कळदा घडणीने लादलेला असतो. पडताळा सोपा आहे: बीच्याही खालचा बीफ्लॅट एकही व्हॉल्व्ह न दाबता निघतो. तो तिला सहज लागत असेल, तर ओठ आणि फुप्फुसे दोन्ही सक्षम आहेत. तूर्त या दोन स्वरांना पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड (आतबाहेर सरकणारी नळी) डाव्या हाताने बाहेर ओढायला शिकवावे. पक्का उपाय चौथ्या व्हॉल्व्हचा आहे. तो एकटाच पाच अर्धस्वर उतरवतो, म्हणून सी त्याच्यावर आणि बी दुसऱ्या व चौथ्यावर बराच सुरात मिळतो.

निवृत्त बँडवादक, महू

ताई, वरचे गणित बरोबर आहे, पण जुन्या वाद्यात आधी गळती पाहावी. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड थोडी बाहेर ओढून धरावी, काही क्षणांनी व्हॉल्व्ह दाबावा. फट् असा आवाज आला तर ती वाट हवाबंद आहे. न आल्यास पिस्टन झिजलेला आहे किंवा स्लाइड सैल झाली आहे, आणि अशा वाद्यात कितीही फुंकले तरी खर्ज भरत नाही. माउथपीस आपल्या जागी डगमगतो का, हेही पाहावे.

श्वासाबद्दल माझे मत ठाम आहे. ट्यूबाला जोर कमी आणि हवा पुष्कळ लागते. ट्रंपेटचे याच्या उलट असते. शिकागो सिम्फनीत 1944 ते 1988 ट्यूबा वाजवणारे आर्नल्ड जेकब्स आयुष्यभर हेच शिकवत राहिले, आणि त्यांची स्वतःची फुप्फुसे काही असामान्य मोठी नव्हती. मुलीला गाल आणि गळा आवळू देऊ नये, लांब स्वरात श्वासाच्या जागा लिहून द्याव्यात. वाद्य मांडीवर ठेवल्यावर माउथपीस ओठांच्या खाली येत असेल, तर ती मान वाकवते आणि गळा तिथेच आवळतो. खाली उशी किंवा स्टँड द्यावा. जानेवारीतल्या पहाटे वाजवण्याआधी नळीत बराच वेळ संथ हवा सोडून ती गरम करावी, कारण हवेचे तापमान दर अंशाने घटले की सूर सुमारे 3 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरतो.

खर्जप्रेमी, इंदूर

आकाराविषयी राहिलेच होते. रुंद नळी आणि मोठी बेल (वाद्याचे पसरट तोंड) भरदार आवाज देतात, पण स्वर उशिरा बोलतो आणि हवा जास्त लागते. शाळेसाठी तीन-चतुर्थांश आकाराचा, परंतु चार व्हॉल्व्हचा ट्यूबा घ्यावा. आकारात तडजोड चालेल, चौथ्या व्हॉल्व्हमध्ये नको. संचलनात चालत वाजवायचे असल्यास सूझाफोन (अंगाभोवती वळवलेला ट्यूबा) खांद्यावर बसतो, मात्र बहुतेक सूझाफोनांना तीनच व्हॉल्व्ह असतात आणि हीच अडचण तिथेही येईल.

बँडशिक्षिका, इंदूर

आपणा दोघांचे मनापासून आभार. बीफ्लॅट तिने पहिल्याच फुंकेत भरदार काढला. तिसऱ्या व्हॉल्व्हचा फट् आवाज मात्र अजिबात आला नाही, त्यामुळे वाद्य दुरुस्तीला पाठवत आहे, आणि चार व्हॉल्व्हच्या लहान ट्यूबाची मागणी वरील आकड्यांसह मुख्याध्यापकांकडे देत आहे.