'ह्यूमन एरर'ला मराठीत काय म्हणावं?

चाकणवाला
चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये (प्रेस मशीनवर पत्र्याचे भाग ठोकतात तिथे) सेफ्टीचं काम बघतो. अपघात किंवा 'निअर मिस' (थोडक्यात टळलेला अपघात) झाला की भरायचा फॉर्म मराठीत करायचाय. इंग्रजी फॉर्मात 'ह्यूमन एरर' असा एकच रकाना आहे, आणि जुन्या मराठी फॉर्मात त्या जागी 'कामगाराचा निष्काळजीपणा' छापलंय. ते मला अजिबात पटत नाही. 'मानवी चूक' पेपरात असतं, पण शॉपफ्लोअरवर कोणी तसं बोलत नाही. शब्द सुचवा.

शब्दवेडी
'निष्काळजीपणा' आधी खोडा. चौकशी व्हायच्या आधीच त्यात निकाल लागलेला असतो. 'मानवी चूक' निरुपद्रवी आहे, पण फार मोघम. आपल्याकडे याहून नेमके शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. दिसायला हवं ते दिसलं नाही, ती नजरचूक. पायरी राहून गेली, तो विसर. एकाच्या जागी दुसरंच धरलं, ती गल्लत. ठाऊक असून, जमत असून केलं नाही, ती हयगय. 'गफलत' मी टाळेन: मूळ अर्थ बेसावधपणा, पण लोक तो शब्द 'गल्लत' म्हणूनही वापरतात.
'ध चा मा'ही नको. हल्ली तो साध्या लेखनचुकीलाही लावतात, पण १७७३च्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या आख्यायिकेत आनंदीबाईंनी अक्षर जाणूनबुजून बदललं होतं.

लोहगाव निवृत्त
विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलं, म्हणून 'गल्लत'बद्दल थोडं सविस्तर लिहितो. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर सुखरूप उतरायची आणि मग धावपट्टीवरच पोटावर बसायची. वैमानिकाला फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) वर घ्यायचे असत आणि तो चाकं वर घेई. अहवालात 'वैमानिकाची चूक' एवढंच लागायचं. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर दोन्हींची बटणं शेजारीशेजारी आणि अगदी सारखी. त्याने एकावर छोटं रबरी चाक बसवलं, दुसऱ्यावर पाचरीसारखा तुकडा. न बघताही हाताला फरक कळू लागला. आजही प्रवासी विमानात चाकांच्या लिव्हरची मूठ चाकासारखी आणि फ्लॅपची फ्लॅपसारखी असते.
पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या संशोधकांनी १९४७ साली वैमानिकांच्या अशा ४६० चुका तपासल्या. सर्वांत मोठा गट याच प्रकारचा निघाला: एका लिव्हरच्या जागी दुसरी ओढली. तीही अनुभवी माणसांनी. ज्याला काम अंगवळणी पडलंय त्याचाच हात असा परस्पर जातो. नवखा प्रत्येक बटण वाचून दाबतो.
मला हा शब्द आवडतो तो त्याच्या व्याकरणामुळे. निष्काळजीपणा म्हटलं की पुढचा प्रश्न येतो 'कोणाचा?' गल्लत म्हटलं की विचारावंच लागतं, 'कशाची कशाशी?' मग शोध आपोआप त्या दोन सारख्या दिसणाऱ्या बटणांपर्यंत जातो.

चाकणवाला
काका, हे फार उपयोगी पडलं. पण आमच्याकडे एक प्रकार वेगळा होतो. ऑपरेटर पॅनेल नीट बघतो, दिव्याप्रमाणेच वागतो, आणि तरी चुकतं. त्याला 'गैरसमज' म्हणायचं का?

शब्दवेडी
गैरसमज ऐकला की आधी दोन माणसांमधलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. 'समजुतीची चूक' लिहा.

लोहगाव निवृत्त
अमेरिकेतलं थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्र, २८ मार्च १९७९. अणुभट्टीची एक झडप उघडी अडकली होती आणि तिच्यातून पाणी निघून जात होतं. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला, कारण झडप बंद करण्याचा हुकूम सुटला एवढंच तो दिवा सांगायचा. झडप खरंच मिटली का, हे त्याला कळत नव्हतं. ऑपरेटरांना वाटलं पाणी जास्त झालंय, म्हणून त्यांनी आपत्कालीन पाण्याचा पुरवठा कमी केला. गाभ्याचा बराचसा भाग वितळला. समजुतीची चूक लिहिलीत तर शेजारी 'तेव्हा पॅनेलवर काय दिसत होतं?' असा रकाना हवाच.

भोसरी फिटर
एक शब्द राहिला: पायंडा. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय ठोका पडत नाही, म्हणजे हात डायमध्ये (ठोका पडतो त्या साच्यात) राहत नाही. आमच्या जुन्या जागी एक बटण पाचर मारून कायमचं दाबून ठेवलेलं असायचं. टार्गेट निघत नव्हतं म्हणून. सुपरवायझर रोज बघायचा. बोट गेलं तेव्हा त्या शिफ्टच्या पोराच्या नावावर 'हयगय' लागली. त्या पोराला मशीन तशीच मिळाली होती हो! त्याला हयगय कशी म्हणायची?

शब्दवेडी
पटलं. पायंडा एकट्याने पडत नाही, आणि एका दिवसात तर नाहीच. १९८६च्या चॅलेंजर अवकाशयानाच्या दुर्घटनेत हेच होतं: आधीच्या उड्डाणांतही रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंगा झिजलेल्या सापडल्या होत्या, पण यान परत येत गेलं आणि ती झीज चालवून घेण्याचा पायंडा पडला.

चाकणवाला
मग रकाने असे करतो: नजरचूक, विसर, गल्लत (कशाची कशाशी?), समजुतीची चूक (पॅनेलवर काय दिसत होतं?), पायंडा (कधीपासून? कोणाकोणाला माहीत होतं?). हयगय ठेवू का?

भोसरी फिटर
ठेवा, पण सगळ्यांत खाली. आणि ती भरायची असेल तर वरच्या पाचांपैकी एकही का लागू नाही, ते लिहायला लावा. सही सुपरवायझरची घ्या.