‘किरकोळ सुरकुती’वाल्या जुन्या फ्रेमची किंमत दहाच टक्के कमी?

पितळजोड
दोनचाकी यांनी काल सल्ला दिला: ‘रेनॉल्ड्स ५३१ या पोलादी नळ्यांची सायकलची जुनी फ्रेम आहे, डाऊन ट्यूबला (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीला) किरकोळ सुरकुती आहे, चालवायला अडचण नाही. धड फ्रेमच्या किमतीतून दहा टक्के कमी करा आणि जाहिरात टाका.’ हे वाचून गप्प बसवेना.

हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) लगेच मागे, खालच्या अंगाला सुरकुती म्हणजे सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे. पोचा वेगळा, सुरकुती वेगळी. हँडल फिरून टॉप ट्यूबवर (वरच्या आडव्या नळीवर) आपटलं की पोचा पडतो, तो दिसायला वाईट, बाकी फारसं काही नाही. सुरकुतीत मात्र नळी दबून आखूड झालेली असते. डबल-बटेड नळीची भिंत टोकांना ०.८ किंवा ०.९ मिमी आणि मध्ये ०.५ किंवा ०.६. जाड भाग संपतो तिथेच बहुतेकदा ती दुमडते. अशी फ्रेम ‘चालवायला’ म्हणून विकूच नये. नळी बदलायला घेणाऱ्यासाठी किंवा भिंतीवर टांगणाऱ्यासाठी विका. धड फ्रेम खरोखर कितीला गेली ते बघा (मागितलेली किंमत नव्हे, मिळालेली!), त्यातून नळी बदलायचा आणि पुन्हा रंगवायचा खर्च वजा करा. उरेल ती किंमत. काहीच उरलं नाही तर फक्त लग (नळ्या जोडणारे सांधे), ड्रॉपआऊट (चाकाचा आस बसतो त्या खाचा) आणि हेडसेटचा (हँडलच्या बेअरिंगचा) भाव.

दोनचाकी
तुम्ही माझं अर्धंच वाक्य उचललंत. पोलाद आधी वाकतं, इशारा देतं, ॲल्युमिनियमसारखं न सांगता तुटत नाही, हेही मी लिहिलं होतं. मी स्वतः अशीच सुरकुती असलेली फ्रेम चार वर्षं रोज चालवली. काही झालं नाही.

आणि विकणाऱ्याची बाजू कोणी मांडायची? जाहिरात टाकून दहा मिनिटं होत नाहीत तोच ‘शेवटचं किती?’ सुरू. फोटो न बघता, माप न विचारता. किंमत पाडूनच लावली तर हे लोक ती आणखी निम्म्यावर आणतात. दहा टक्के मी त्यासाठीच म्हणालो.

सरळरेषा
वाद कशाला? दोरा लावा. एका ड्रॉपआऊटला बांधा, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआऊटपर्यंत ताणा, सीट ट्यूबपासून (सीटखालच्या उभ्या नळीपासून) दोन्हीकडचं अंतर मोजा. फरक एक-दोन मिमीच्या आत असेल तर फ्रेम सरळ. जाहिरातीत तो फोटो द्या, घासाघीस बंद होते.

जाता जाता एक विनंती. फ्रेम पाठवताना मागच्या ड्रॉपआऊटमध्ये जुना हब (चाकाचा मधला भाग) किंवा दांडी घाला हो! मला मागच्या ड्रॉपआऊटमध्ये १२६ मिमी अंतर असलेली फ्रेम कुरिअरने दाबून आली, चाक बसेना. वर सीटपोस्ट (सीटची दांडी) अडकलेला, ज्याचा जाहिरातीत उल्लेखच नव्हता. माझ्या मते किमतीला खरा खड्डा सुरकुती पाडत नाही, अडकलेला पोस्ट पाडतो.

गंजरंग
अडकलेल्या पोस्टचा एवढा बाऊ नको. सीट ट्यूब बाहेरून तापवा, तेल सोडा, पिळा. निघतो.

पितळजोड
ॲल्युमिनियमचा पोस्ट असेल तर नाही निघत. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. तापवलंत की पोस्टच जास्त फुगतो आणि घट्ट बसतो. थंड करायला हवा. तेलही तिथे निरुपयोगी, कारण तो चिकटलेला थर ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा असतो. अमोनिया लावून बघा.

गंजरंग
पुस्तकी बोलू नका. माझ्या हातांनी तीन पोस्ट काढलेत, तापवूनच.

पितळजोड
ते तिन्ही पोलादी असतील.

गंजरंग
दोन होते. तिसरा ॲल्युमिनियमचा. मान्य करतो, तो तापवल्यावर गार होताना सुटला.

मागचाकाँटा
मी कॉस्टिक सोड्याने काढलाय. पोस्ट वरून कापला, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाचं बेअरिंग) काढून खालचं तोंड बंद केलं, द्रावण भरलं. ॲल्युमिनियम विरघळलं, पोलादाला काही झालं नाही. पण बाटलीच्या पिंजऱ्याची भोकं बंद करायची राहिली, तिथून ओघळ आला आणि मूळ रंग पट्ट्यासारखा सोलला. त्या रंगासाठीच मी ती फ्रेम घेतली होती. अजून जीव चुटपुटतो.

सरळरेषा
आणि त्यातून हायड्रोजन निघतो हे लिहा की! बंद खोलीत कोणी करू नका. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे, तिथे गंमत नाही. त्यापेक्षा पोस्टच्या आत करवतीचं पातं घालून उभा काप घ्या. दोन संध्याकाळी जातात, पण रंग वाचतो.

पितळजोड
पोस्टवरून परत सुरकुतीवर या. सरळरेषा, तुमचा दोरा मागचा त्रिकोण वाकडा आहे का तेवढं सांगतो. समोरून बसलेल्या धक्क्यात हेड ट्यूब सरळ रेषेतच मागे जाते, दोरा दोन्हीकडे सारखंच अंतर दाखवणार. तिथे डाऊन ट्यूबखालून बोट फिरवा, तिरका प्रकाश टाका, नळीला पोलादी पट्टी लावा. पुढच्या चाकाच्या चिमट्याचा (फोर्कचा) वरचा सरळ भाग हेड ट्यूबच्या रेषेत आहे का बघा.

सरळरेषा
हं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. दोऱ्याबरोबर पट्टीचाही फोटो हवा, ठीक.

दोनचाकी
मी चिडलो होतो, कारण तुम्ही मला फसवणारा ठरवलंत. आज ती चार वर्षं चालवलेली फ्रेम खाली काढून पट्टी लावली. सुरकुतीपाशी पट्टी टेकत नाही, आणि रंगाला आडवी चीर गेली आहे, जी मागच्या वर्षी नव्हती. चालवणं आजपासून बंद.

विकेन तेव्हा ‘चालवण्यासाठी नाही’ हे पहिल्या ओळीत असेल, सुरकुतीचा जवळून फोटो असेल, पोस्ट हलतो का तेही लिहीन, किंमत सुट्या भागांची. पण ‘शेवटचं किती?’ला उत्तर देणार नाही, त्यावर मी अजूनही ठाम आहे.

पितळजोड
नका देऊ. चिमटा सरळ निघाला तर मात्र तो वेगळा विका, आणि बॉटम ब्रॅकेटखालचा फ्रेमचा क्रमांक फोटोत घ्या.