वर्णभेद, वांशिक की जातीय?

जपानमधल्या बुराकू लोकांवरचा एक लेख मराठीत करतेय. मूळ मजकुरात सगळीकडे 'रेसिझम' आहे, पण वर्णद्वेष लिहायला हात धजत नाही कारण हे लोक आणि बाकीचे जपानी दिसायला सारखेच, भाषा तीच, देवधर्म तोच. वांशिक म्हणू का जातीय?

> जातीय म्हणू का

जातीय अजिबात नको, आपल्या पेपरात जातीय दंगल म्हणजे हिंदू-मुसलमान हे ठरूनच गेलंय. सरळ जातिभेद लिहा ना. कातडी कमावणं, मेलेली जनावरं ओढणं असली कामं पिढ्यानपिढ्या त्यांच्याकडे, वस्ती वेगळी, आणि १८७१ ला सरकारने तो दर्जा कागदावर रद्द केला तरी कोसेकी म्हणजे तिकडची जी सरकारी कुटुंबनोंद असते त्यातून मूळ गाव कळायचंच, मग लग्न जुळवताना डिटेक्टिव्ह लावून चौकशी. १९७५ मध्ये तर बुराकू वस्त्यांची यादीच कंपन्या गुपचूप विकत घेतात हे बाहेर आलं. आपल्याकडे आडनावावरून चाचपतात, तिथे पत्त्यावरून.

पटलं, पण जात म्हटलं की मराठी वाचकाला ब्राह्मणापासून खालपर्यंतची अख्खी उतरंड दिसते, वर पोटजाती, रोटीबेटीचे नियम. बुराकूंचं तसं नाही, बाकी समाज एकीकडे आणि हे बाहेर. अस्पृश्यता जास्त जवळचा वाटतो मला.

आणि वर्णभेद अमेरिकेला तरी नीट बसतो का? व्हर्जिनियाच्या १९२४ च्या कायद्यात गोरा म्हणजे ज्याच्यात दुसरं रक्त नावालाही नाही तो (एक छोटा अपवाद रेड इंडियन पूर्वजांसाठी, कारण तिथली बडी घराणी पोकाहोंटासचे वंशज म्हणवायची!). म्हणजे गोरापान माणूससुद्धा काळा ठरणार आणि गोऱ्याशी लग्न केलं तर गुन्हा, ते थेट १९६७ पर्यंत. रंग कुठे राहिला यात, जन्मच बघितला की.

वांशिक मात्र जपून वापरा. २००१ ला डर्बनच्या वंशभेदविरोधी परिषदेत भारत सरकारचं म्हणणंच होतं की जात म्हणजे वंश नव्हे, आपल्या घटनेच्या कलम १५ मध्येपण वंश आणि जात वेगवेगळे आहेत. पुढच्या वर्षी युनोच्या समितीने सांगितलं की वंशभेदाविरुद्धच्या करारातल्या 'डिसेंट'मध्ये (descent, म्हणजे कुठल्या कुळात जन्म) जात येते. आता डिसेंटला मराठीत काय, तर परत वंश :)

मग शीर्षकात 'जन्मावरून भेदभाव' टाकते आणि आत अस्पृश्यता. संपादकांना लांब वाटेल, वाटू दे.