शब्दचर्चा: तळापासून सुरुवात करणाऱ्या पात्राला काय म्हणावे?

धागाकर्ता:

आमच्या गटात नवी फँटसी मोहीम सुरू होते आहे. टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळायचा, डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या घराण्यातला खेळ. सगळी पात्रे अगदी तळापासून सुरू होणार: गंजकी तलवार, एखादाच मंत्र, कमरेला जेमतेम नाणी. खेळाडूंना द्यायचे माहितीपत्रक मराठीत लिहायला घेतले आणि पहिल्याच ओळीवर अडलो. ‘लो-पॉवर्ड कॅरेक्टर’ला काय म्हणायचे? अल्पशक्ती पात्र, कमकुवत पात्र, दुबळे पात्र असे सगळे लिहून खोडले. ‘दुबळे पात्र’ वाचून एकाने विचारलेच, “आजारी आहे का ते?” कॅम्पेन (अनेक बैठका चालणारा सलग खेळ), लेव्हल (पात्र किती वर चढले त्याचा आकडा) आणि हिट पॉइंट (पात्र किती मार सोसते त्याचा आकडा, तो संपला की पात्र पडते) यांनाही शब्द हवेत. इंग्रजीच बरा वाटत असेल तर तसे सांगा, माझा हट्ट नाही.

प्रतिसाद १:

नवखा. संपला विषय.

प्रतिसाद २:

इतक्यात संपत नाही. नवखेपणा अनुभवाचा असतो, इथे प्रश्न ताकदीचा आहे. मुरलेला म्हातारा शिपाईही या खेळात तळाला असू शकतो. किंबहुना खेळाच्या पहिल्या नियमांत तसेच होते. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हा प्रत्येक लेव्हलला एक किताब असे. पहिल्या लेव्हलच्या लढवय्याचा किताब होता ‘व्हेटरन’! चौथ्याला ‘हिरो’, आठव्याला ‘सुपरहिरो’. ही नावे आली १९७१च्या ‘चेनमेल’ या युद्धखेळाच्या नियमांतून. तिथे हिरो चार माणसांच्या तोडीने लढायचा आणि सुपरहिरो आठांच्या. म्हणजे पहिल्या लेव्हलचा गडी एका माणसाच्या तोडीचा. दुबळा वगैरे काही नाही, साधा धडधाकट माणूस. राक्षसांपुढे माणूस जेवढा पुरा पडतो तेवढाच तो पडतो.

म्हणून ‘दुबळे’, ‘कमकुवत’ आणि त्यांची सगळी भावंडे बाद करावीत. हे शब्द पात्रात खोट दाखवतात, आणि खेळाडू मग ती खोट भरून काढण्याच्या मागे लागतात: पहिल्याच दिवशी मंतरलेली ढाल मागतात.

प्रतिसाद ३:

लिंबूटिंबू! लहानपणीच्या खेळातला शब्द सगळ्यांना कळतो, समजावून सांगावा लागत नाही.

प्रतिसाद ४:

शब्द गोड आहे, पण अर्थ नेमका उलटा होतो. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, तो बाद होत नाही. खेळात असून नसल्यासारखा, म्हणून त्याला अभय. आपले पात्र एका फटक्यात मरते! १९७५च्या ‘ग्रेहॉक’ या नियमांच्या पुरवणीत मांत्रिकाला चार बाजूंच्या फाशाइतके हिट पॉइंट दिले आणि लांब तलवारीला आठ बाजूंचा फासा. पहिल्या लेव्हलच्या मांत्रिकाला असा वार लागला, तर तो त्याच वाराने आडवा होण्याची शक्यता ८१ टक्क्यांहून जास्त. (फासे चार गुणिले आठ, बत्तीसपैकी सव्वीस जोड्या. करून पाहा.) याला लिंबूटिंबू म्हटलेत तर खेळाडू अभय गृहीत धरून गुहेत शिरतील आणि पहिल्या अर्ध्या तासात नवे पात्र लिहायला बसतील.

माझी सूचना: उमेदवार. ‘उमेदवारी करणे’ हा प्रयोग मराठीत जुना आहे. धंदा शिकण्यासाठी उस्तादाच्या हाताखाली राबायचे, चुका करायच्या, बोलणी खायची. उमेदवाराला काहीच येत नसते असे नाही, त्याला थोडे येते आणि त्याला पुढे जायचे असते. दोन्ही अर्थ इथे लागतात. याच खेळाच्या १९८१च्या बेसिक संचातला पहिल्या लेव्हलचा चोर बघा. कुलूप उघडण्याची शक्यता १५ टक्के, सापळा सापडण्याची १०, पण सरळसोट भिंत चढण्याची ८७. याला दुबळा कसा म्हणणार? हा एका गोष्टीत तरबेज आणि बाकीच्यांत उमेदवारी करणारा माणूस आहे. चांगला खेळाडू हे आकडे वाचून कुलपाच्या वाटेला जात नाही, खिडकीतून जातो.

प्रतिसाद ५:

उमेदवार म्हटले की मला फक्त मतपत्रिका दिसते. ‘आमच्या गुहेचे अधिकृत उमेदवार’!

प्रतिसाद ४ (पुन्हा):

हसू आले तरी चालेल की. ‘उमेद’ शब्दातच आहे, निवडणुकीने तो आपल्याकडून उसना घेतला आहे. शिवाय माहितीपत्रकात ‘उमेदवारीच्या काळातली पात्रे’ असे लिहिले तर मतपत्रिका आड येत नाही.

प्रतिसाद ६:

मला ‘बारगीर’ सुचला होता. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी, म्हणजे पायरी आपोआप कळते. पण या खेळात सुरुवातीला घोडाच नसतो, तेव्हा मीच मागे घेते.

हिट पॉइंटसाठी मात्र आग्रहाने सांगते: ‘प्राण’, ‘जीव’, ‘रक्त’ यांपैकी काहीही नको. ‘जीव तीन’ म्हटले की व्हिडिओ गेममधल्यासारखे तीनदा मरता येईल असे वाटते. ‘रक्त’ तर साफ चुकीचे. गायगॅक्सने स्वतः खेळ चालवणाऱ्यासाठीच्या १९७९च्या पुस्तकात खुलासा केला आहे की हिट पॉइंट म्हणजे निव्वळ शरीराची सहनशक्ती नव्हे, त्यात कसब आणि नशीबही येते. नाहीतर दहाव्या लेव्हलच्या माणसाला दहा तलवारी आरपार गेल्या तरी तो उभा, हे पटणार कसे? मराठीत यासाठी अगदी तयार शब्द पडून आहे: तग. तग धरणे. ‘तुझा तग किती?’ ‘चार.’ ‘तग संपला.’ बोलून बघा, टेबलावर चपखल बसतो. आणि तळाच्या पात्राचे वर्णनही एका वाक्यात होते: तग कमी असलेला माणूस. त्याचा हात कमजोर नसतो, चाल चुकली तर सावरायला त्याला वेळ मिळत नाही.

प्रतिसाद २ (पुन्हा):

‘तग’ला माझे मत. (मतपत्रिका आलीच शेवटी.)

लेव्हलचे काय? ‘पातळी’ सरधोपट आहे, पण इथे इंग्रजीतच घोळ आहे. पात्राची लेव्हल, मंत्राची लेव्हल, राक्षसाची लेव्हल आणि तळघराचीही लेव्हल. १९७८च्या खेळाडू-पुस्तिकेत गायगॅक्सनेच लिहिले आहे की चारांना चार शब्द वापरायचा विचार होता, पण एव्हाना एकच शब्द रुळला होता. आपल्याकडे अजून काही रुळलेले नाही, तर आताच वेगळे करावे. पात्राची पायरी, मंत्राची श्रेणी, तळघराचा मजला. ‘दुसऱ्या पायरीची मांत्रिक, पहिल्या श्रेणीचा मंत्र, तिसरा मजला’ असे म्हटले की कुणी गोंधळत नाही. राक्षसाला काहीच लावू नये. त्याचा आकडा खेळाडूंना कळायचे कारण नाही.

प्रतिसाद ५ (पुन्हा):

‘इयत्ता’ का नाही? तिसऱ्या इयत्तेतला मांत्रिक.

प्रतिसाद २:

मांत्रिकाने गृहपाठ केला नाही म्हणून मेला, असे होईल. नको.

प्रतिसाद ७:

उशिरा आले, पण ‘मोहीम’ या शब्दाबद्दल कुणी बोलले नाही. धागाकर्त्यांनी तो गृहीतच धरला आहे. कॅम्पेन हा शब्द या खेळात युद्धखेळांतून आला, तिथे एकमेकींत गुंफलेल्या लढायांची मालिका म्हणजे कॅम्पेन. त्या अर्थाने मोहीम बरोबर. पण मोहिमेला आपल्याकडे ठरलेले लक्ष्य असते, आणि मोहीम फत्ते होते. तग चार असलेल्या माणसांना पहिल्याच बैठकीत ‘अंधाराच्या सम्राटाविरुद्ध मोहीम’ दिली की एकतर ती मरतात, किंवा खेळवणारा चोरून फासे बदलतो. मी दुसऱ्या प्रकाराला जास्त वाईट समजते.

म्हणून मोठ्या पल्ल्याला ‘मोहीम’ राहू द्या, पण माहितीपत्रकात एकेका बैठकीसाठी ‘डाव’ वापरा आणि पहिल्या डावाचे उद्दिष्ट छोटे लिहा: हरवलेली मेंढरे, पडक्या चौकीतला दिवा कोण लावते, एवढेच. ‘लढा’ हे क्रियापद शक्यतो टाळा. जुन्या नियमांत अनुभवाचे बहुतेक गुण लुटीचे मिळत, एका सोन्याच्या नाण्याला एक गुण, आणि राक्षस मारल्याचे त्या मानाने किरकोळ. शिवाय १९८१च्या संचात शत्रूंच्या हिमतीची चाचणी होती, दोन फाशांची. त्यांच्यातला एक गडी पडला की गॉब्लिन (बुटके राक्षस) पळूनही जात. त्यामुळे उमेदवार टिकायचे ते मुख्यतः न लढता: पाळत ठेवून, बोलून, लाच देऊन, वेळीच पाय लावून. पत्रकात ‘शोधा’, ‘पळा’, ‘सौदा करा’ ही क्रियापदे दिसली तर खेळाडू तसे खेळतात. ‘वीर’, ‘पराक्रम’, ‘नायक’ दिसले की ते दार लाथेने उघडतात. गटामागून गट मी हेच पाहिले आहे.

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. सध्याचा मसुदा असा: ‘या मोहिमेत तुमची पात्रे पहिल्या पायरीवरचे उमेदवार आहेत. तग थोडा आहे. पळून जाण्यात कमीपणा नाही.’ ‘नायक’ शब्द काढला, ‘वीर’ही.

एक शंका राहिली. गटातल्या दोघांना २०१२च्या ‘डन्जन क्रॉल क्लासिक्स’ या खेळासारखी सुरुवात हवी आहे, पहिल्या पायरीच्याही खाली, शून्यावर. प्रत्येकाने दोन ते चार साधी माणसे घ्यायची, सगळ्यांना एकत्र गुहेत लोटायचे, आणि जी वाचतील त्यांना पुढे धंदा निवडता येईल. या माणसांना उमेदवार म्हणवत नाही. त्यांनी कुठे अर्ज केलाय?

प्रतिसाद ६:

ते हौशे-नवशे-गवशे. कुणी हौसेने आलेला, कुणी नवस फेडायला, कुणी काय हाती लागते ते बघायला. खेळाडूला विचारा, तुझ्या चौघांतला कोण कोणता. नाव, धंदा आणि हातातली वस्तू याखेरीज त्या पात्राबद्दल एवढे एकच लिहायचे असेल, तर ते हेच लिहावे.

प्रतिसाद ५:

माझे चारही गवशे.