पावणे, सव्वा, दीड, अडीच: मुलांना शिकवायचे की सोडून द्यायचे?

पेठकर: पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे पाव, अर्धा, दीड, साडेतीनचे पाढे पुन्हा घोकून घ्या असं मी म्हणत नाही. पण सव्वा-दीड-पावणे तरी कानावर पडू द्या! मंडईत 'पाव किलो द्या' म्हणतात, 'शून्य पूर्णांक पंचवीस' नाही. हल्लीच्या मुलांना पावणेसात म्हणजे सात वाजून गेले असं वाटतं.

गणिताच्या बाई: मुलांचं काय चुकलं? सात ऐकू आलं की सातच डोक्यात बसणार. दीड आहे म्हणून साडेएक नाही, अडीच आहे म्हणून साडेदोन नाही, साडे सुरू होतं ते तीनपासून. पावणेदोन वाजता म्हटलं की पंधरा मिनिटं कमी, पावणेदोनशेत पंचवीस, पावणेदोन किलोत अडीचशे ग्रॅम. आणि तृतीयांशाला या पंगतीत पानच नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' दिलं, तेही एकवीस-बावीस कायम ठेवून, तर केवढा गदारोळ!

पेठकर: बाई, पंधरा, पंचवीस, अडीचशे, तिन्हीकडे पावच कमी आहे, तासाचा, शंभराचा, किलोचा. हे उमगलं की अपूर्णांक आला. छेद-अंश मग लिहायला शिकवा.

हडपसरकर: साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, पेशवाईतले साडेतीन शहाणे. नाना फडणवीस तलवारबहाद्दर नव्हते म्हणून अर्धे! आमच्या शेजारच्या साडेसतरानळीचं काय करणार? सतरा पूर्णांक पाच दशांश नळी?

गणिताच्या बाई: शहाण्यांत अर्धा चालतो, दीड झाला की शिवी होते. गावाच्या नावावरून गणित ठरत नाही हो.

औषधवाला: काउंटरवरचं सांगतो. बाळाचं औषध 'साडेसात मिली' म्हटलं की काही तरुण आईबाप नुसतं 'सात ना?' विचारतात. मापाच्या टोपणावर ७.५ च्या रेघेला पेनाने खूण करून देतो. तिथे मराठीचा अभिमान बाजूला ठेवावा लागतो.

पेठकर: हे शब्द घरात बोलले असते तर खूण करावी लागली नसती.

गणिताच्या बाई: औषधात आकडाच हवा, वाद नको. घड्याळ शिकवताना मी पावणे, सव्वा सांगते. परीक्षेत विचारत नाही, एवढंच.

पेठकर: परीक्षेत नसलेलं पुण्यात कोणते पालक करून घेतात, तेवढं सांगा.