देशातच परके : सशस्त्र संघर्षामुळे विस्थापित झालेल्यांचे अनुभव

धागाकर्ती : युद्धामुळे किंवा हिंसाचारामुळे घर सोडावे लागले, पण देशाची सीमा ओलांडली नाही, अशी सुमारे ७ कोटी ३५ लाख माणसे २०२४ च्या अखेरीस जगात होती. निर्वासितांसाठीचा १९५१ चा करार त्यांना लागू होत नाही. त्यांच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्याच सरकारवर असते आणि पुष्कळदा ते सरकारच संघर्षातला एक पक्ष असते. ज्यांनी हे सोसले आहे त्यांनी येथे लिहावे. गावांची व माणसांची नावे मात्र टाळावीत, कारण मागे राहिलेल्यांच्या जिवावर बेतू शकते.

एक आई : गोळीबार जवळ आला तेव्हा धाकट्याची औषधे तेवढी उचलली, जमिनीचे कागद आणि मुलांचे जन्मदाखले घरातच राहिले. शिध्याच्या नोंदणीसाठी ओळखपत्र मागण्यात आले, आणि त्याची नक्कल मूळ गावाकडच्या कचेरीतूनच आणा असे सांगण्यात आले, त्या वेळी तिकडच्या रस्त्यावर सुरुंग पेरलेले होते. मुलीचा शाळाप्रवेशही दाखल्यावाचून अडला. अखेर गावच्याच काही जाणत्यांनी आमची ओळख शपथेवर पटवली, तेव्हा कुठे यादीत नाव चढले.

धागाकर्ती : अशी अट घालणे गैर आहे. देशांतर्गत विस्थापनाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ च्या मार्गदर्शक तत्त्वांपैकी विसावे तत्त्व सांगते की, कागदपत्रांसाठी विस्थापितांना मूळ ठिकाणी परत जायला लावू नये. ही तत्त्वे बंधनकारक नाहीत, तरी अर्जात त्यांचा उल्लेख अवश्य करावा.

एक सून : आम्ही छावणीत गेलो नाही, नणंदेकडे राहिलो. त्यामुळे कोणत्याच मोजणीत आलो नाही. तिच्या घरचे धान्य आमच्यामुळे लवकर संपू लागले, आणि ती एका शब्दाने बोलली नाही, म्हणून मला अधिकच अवघड वाटे.

एक शेतकरी : शस्त्रसंधीनंतर परतलो, तर घरात दुसरेच कुटुंब राहत होते, तेही पलीकडच्या भागातून हुसकावलेले. घर परत मिळवण्यास किंवा भरपाईस साहाय्य करणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे, असे एका वकिलांनी समजावले. पण त्या कुटुंबाची सोय झाल्याशिवाय ताबा मागायला माझे मन धजत नाही, आणि शेत सुरुंगमुक्त होईपर्यंत मलाही दुसरीकडे मजुरीच करावी लागणार आहे. असा पेच कोणी सोडवला असेल, तर कसा सोडवला ते कृपया लिहावे.